कॅलरी वाचतो कोण?

महोदय,

परवा नातवाच्या हट्टापायी मॉलमधल्या बर्गरच्या दुकानात गेलो. फलकावर प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरात कॅलरी लिहिल्या होत्या. मी चष्मा चढवून आकडा वाचेपर्यंत नातवाने मोठे कोल्ड्रिंक सांगूनही टाकले!

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आपल्याकडे २०२२ पासून हे बंधन आहे. न्यूयॉर्कमध्ये ते २००८ मध्येच आले. तिथल्या स्टारबक्सच्या विक्रीचा अभ्यास झाला, तेव्हा दर खरेदीमागे कॅलरी सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तीही घट खाद्यपदार्थांतली. पेयांत जवळपास नाहीच. म्हणजे नातू एकटा नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात, हे ठाऊक नसेल तर ५०० हा आकडा जास्त की कमी, कसे कळणार? नियमाप्रमाणे ते वाक्यही लावायला हवे. मला शोधून सापडले नाही. निदान हे आकडे किमतीइतक्या ठळक अक्षरात छापायला लावावेत. नाक्यावरची वडापावची गाडी या नियमातून सुटली, हे मात्र बरे. तिथला आकडा मला कळायला नको!

– एक आजोबा, ठाणे