फाइल इम्पोर्ट करणे म्हणजे सिंक नव्हे

मा. संपादक,
स. न.

अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट लिनक्स प्रणालीच्या संगणकावर कसे आणावेत असं विचारलं, की ‘फोनमधून फाइल एक्स्पोर्ट करा, संगणकावर इम्पोर्ट करा’ हे उत्तर ठरलेलं असतं. मी भाषांतराचं सगळं काम लिनक्सवर करते आणि ओळखीच्यांचे फोनही जोडून देते. या सल्ल्याने गोंधळ वाढतो, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

पुष्कळ फोन अजूनही १९९६ सालच्या व्हीकार्ड २.१ या कॉन्टॅक्ट साठवण्याच्या पद्धतीची फाइल देतात. तिच्यात देवनागरी नाव सरळ लिहिलेलं नसतं. एका सुट्या अक्षराचे तीन बाइट (संगणकाच्या साठवणीची एककं), प्रत्येक बाइटला तीन चिन्हं. म्हणजे ‘आई’ या दोन अक्षरांच्या जागी १८ चिन्हांची माळ. नाव लांबलचक असलं की ती माळ मध्येच तुटून पुढच्या ओळीवर जाते. इम्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामने त्या ओळी जोडल्या नाहीत, तर अर्धंच नाव हाती लागतं. शिवाय नोंदीला कायमचा ओळख-क्रमांक नसेल, तर दुसऱ्या इम्पोर्टला तीच माणसं नव्याने दाखल होतात. मग लोक डुप्लिकेट पुसत बसतात आणि बोल लावतात लिनक्सला.

खरा मार्ग कार्डडॅव्हचा, म्हणजे कॉन्टॅक्ट सर्व्हरवर ठेवून फोन आणि संगणक त्याच्याशी जुळते ठेवण्याचा. हे खुलं प्रमाण २०११ पासून आहे. सर्व्हरवर रॅडिकाले किंवा नेक्स्टक्लाउड हा प्रोग्राम, फोनवर डॅव्हएक्स५ हे अ‍ॅप, संगणकावर इव्होल्यूशन किंवा थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम. एकीकडे नंबर बदलला की दुसरीकडेही बदलतो, हाच सिंक. तरीही सिंक होत नसेल, तर मी आधी बघते की कॉन्टॅक्ट सेव्ह कुठे झालाय. ‘फोन’ किंवा ‘सिम’ दिसलं, तर तो सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही. बॅकअप घेऊन जुने नंबर कार्डडॅव्हच्या नव्या खात्यात हलवायचे, आणि नवे तिथेच सेव्ह होतील असं सेटिंगमध्ये ठरवून टाकायचं. अ‍ॅपवरचं बॅटरी-बचतीचं बंधनही काढावं लागतं.

आयफोनच्या सेटिंगमध्ये कार्डडॅव्हचं खातं थेट जोडता येतं. अँड्रॉइडमध्ये ती सोय मुळात नाहीच, वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. आपले नंबर आपल्या संगणकावर ठेवायला इतका खटाटोप का पडावा? ही सोय अँड्रॉइडमध्ये यायलाच हवी आणि वृत्तपत्रांनी ती मागणी लावून धरावी. निदान नव्या फोनचं परीक्षण छापताना कॅमेऱ्याच्या जोडीला, त्यातले कॉन्टॅक्ट कुठल्या पद्धतीने बाहेर काढता येतात तेही छापावं, ही विनंती.

– एक वाचक, भाषांतरकार