वॉरंटी कार्डावर न छापलेली तारीख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की लॅपटॉपच्या पानभर जाहिराती आपल्या अंकात येतात. प्रोसेसर, रॅम, मासिक हप्ता सगळं ठळक असतं. अगदी तळाला, चष्मा लावूनही नीट दिसू नये अशा अक्षरांत '१ वर्षाची वॉरंटी, अटी लागू' असतं. हे पत्र त्या अटींबद्दल आहे.

मी निवृत्त शिक्षक. १९९६ साली भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून पहिला संगणक जुळवला. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकेक करून घेतले आणि मॉनिटरचा खोका पायांशी घेऊन रात्रीच्या एसटीने कराडला आलो. तेव्हापासून हा नाद सुटलेला नाही. स्वतःचे, शेजाऱ्यांचे, शाळेचे, वाचनालयाचे असे शंभरेक संगणक उघडले असतील. त्या काळी वॉरंटी म्हणजे दुकानदाराने मदरबोर्डावर, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवर, चिकटवलेलं नखाएवढं स्टिकर. त्यावर महिना आणि साल पेनाने लिहिलेलं. २००३ साली माझ्या बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगले. त्या सुमारास आत निकृष्ट द्रव (इलेक्ट्रोलाइट) भरलेले कपॅसिटर जगभर बाजारात आले होते आणि अनेक कंपन्यांचे बोर्ड त्यापायी गेले. स्टिकरवरची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. दुकानदाराने फुगलेली टोपणं पाहिली, आत गेला आणि दुसरा बोर्ड घेऊन आला. ''हे तुमच्या वापरानं झालेलं नाही, मास्तर,'' एवढंच म्हणाला.

आता २०२३ ची गोष्ट. माझी पुतणी एम.ए.च्या प्रबंधासाठी पाटण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होती. लॅपटॉप घेऊन अकरा महिने झाले होते. एके सकाळी तो सुरूच होईना. आतली एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइली साठवणारी डिस्क, कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला तर 'वॉरंटी संपली'. ती म्हणे माल कारखान्यातून निघाल्या तारखेपासून मोजली होती. बिल दाखवल्यावर दुरुस्त होते, पण बिलाचा तो गुळगुळीत थर्मल कागद तोवर कोरा पडला होता. खरेदीच्या दिवशीच मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती म्हणून निभावलं. (वाचकांनीही हे जरूर करावं. त्या कागदावरची अक्षरं शाईने नव्हे, उष्णतेने उमटतात आणि कालांतराने उडून जातात.)

'घरपोच सेवा' कराडला लागू नाही असं कळलं, म्हणून दोघे पुण्याला गेलो. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, ''काका, यात रॅम बाहेरून टाकलीय. वॉरंटी गेली.'' रॅम मीच टाकली होती. लॅपटॉपमध्ये त्यासाठी मोकळी खाच दिलेलीच होती. मी वॉरंटीची पुस्तिका पुढे ठेवली आणि विचारलं, असं नेमकं कुठे लिहिलंय? आणि रॅममुळे एसएसडी बिघडली हे मला लिहून द्या. ''लिहून द्या'' म्हटल्यावर तो आत गेला आणि पंधरा मिनिटांनी बदली डिस्क मंजूर झाली. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, त्याला शिकवलं तेच तो बोलला. पण जो माणूस पुस्तिका वाचत नाही, तो त्याच खिडकीवरून परत जातो.

खरा पेच पुढे होता. नवी डिस्क हवी तर जुनी कंपनीकडे जमा करायची. आत पुतणीच्या एक्केचाळीस ध्वनिफिती. त्यांतल्या काहींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, आणि गायलेल्या बायकांपैकी दोघी दरम्यान वारल्या होत्या. पुस्तिकेत एक ओळ होती: डेटाची जबाबदारी आमची नाही. जबाबदारी नाही, पण डिस्क मात्र त्यांची! पोरीने बदली नाकारली. नवी एसएसडी पदरच्या पैशाने घेतली आणि जुनी मी घरी लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर) रात्र रात्र लावून ठेवली. एकोणतीस फिती हाती आल्या. बारा गेल्या.

खराब झालेली डिस्क ग्राहकाकडेच ठेवायचा हक्क त्याला असलाच पाहिजे, आणि त्यासाठी वेगळे पैसे मागू नयेत. कुटुंबाचे फोटो, बँकेचे कागद, कुणाचा वैद्यकीय अहवाल त्या डिस्कवर असतो. ती पुढे कुणाच्या टेबलावर जाते हे आपल्याला कुणी सांगत नाही.

यंत्र ठणठणीत असूनही निकामी ठरतं, ते सॉफ्टवेअरमुळे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची खास चिप) लागते आणि इंटेलचे बहुतांशी आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात, म्हणजे त्याआधीची यंत्रं बाद. विंडोज १० चा आधार संपण्याची तारीख कंपनीने २०१५ पासूनच जाहीर केलेली होती, हे मान्य. पण २०१७ मध्ये दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती कुणी सांगितली? औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, तशी 'सुरक्षा-अपडेट अमुक वर्षापर्यंत' ही ओळ लॅपटॉपच्या खोक्यावर छापायला काय हरकत आहे?

मराठी माणसाला याचा आणखी एक फटका बसला आहे. आमच्या वाचनालयाने १९९८ ची स्मरणिका रीतसर विकत घेतलेल्या मराठी सॉफ्टवेअरवर टंकली होती. ते पॅरलल पोर्टला (जुन्या संगणकांमागच्या प्रिंटरच्या खाचेला) लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या डबीशिवाय, सुरू होत नसे. आज नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो आणि फाइल उघडली तर युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात न बसणाऱ्या जुन्या फॉन्टची निरर्थक चिन्हं दिसतात. गावातल्या सत्याग्रहींच्या मुलाखती त्यात होत्या. छापील प्रतीवरून आम्ही त्या पुन्हा टंकत आहोत, या वेळी युनिकोडमध्ये. आतापर्यंत साठ पानं झाली.

कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष वस्तू कबूल मुदतीत परत न घेणं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत न घेणं, हेही त्यातच येतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलही सुरू केलं आहे. पण पोर्टलवर माहिती ठेवणं वेगळं आणि डिस्क ग्राहकाच्या हातात देणं वेगळं. त्यासाठी नियमच हवा, आणि वॉरंटीच्या अटी मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत हव्यात.

आपल्या दैनिकाला एक विनंती. लॅपटॉपच्या जाहिराती ज्या आठवड्यात येतील, त्याच आठवड्यात त्या कंपन्यांना हे तीन प्रश्न आपण विचारावेत आणि उत्तरं छापावीत: वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजता, खराब डिस्क कुणाची, आणि सुरक्षा-अपडेट कुठल्या वर्षापर्यंत देणार?

आपला,
एक वाचक, कराड