सीहाउसेसच्या धक्क्यावरच्या मंडळींचे आभार

जूनमध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सीहाउसेसहून फार्न बेटांवर पक्षी बघायला आलेला तो गोंगाट्या मराठी घोळका आमचाच. तुमची नावं ठाऊक नाहीत, म्हणून हे असं जाहीर.

तांडेलकाका, इनर फार्न बेटाला बोट हलत असताना तुम्ही आईला अलगद उतरवून घेतलंत, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. "टोपी घाला" म्हणून बजावणाऱ्या रक्षक ताई, कारण आर्क्टिक सुरय (टर्न) पक्ष्यांनी लगेच दाखवलं! घरट्याजवळ कुणी आलं की ते थेट डोक्यावर टोचतात. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या पाखराशी वाद कोण घालणार? पफिन या समुद्रपक्ष्याची बिळं पायाखाली ढासळतात, म्हणून पायवाट सोडायची नाही, हे मुलांना खाली बसून समजावणाऱ्या स्वयंसेवक आजोबांचे विशेष आभार. चोचीत मासे आडवे धरून बिळाकडे धावणारा पफिन त्यांच्यामुळेच दिसला. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथे हजारो पक्षी गेले, तेव्हा रक्षकांनीच ते उचलले, हे ऐकून मुलंही गप्प झाली होती.

आणि परतताना बोट लागलेल्या काकांना आल्याची बिस्किटं देणाऱ्या बाई, काका आता बरे आहेत. पुढच्या वर्षी पुढच्या बाकावर बसणार म्हणतात.