शेलापागोटे राहू द्या, डीजे नको

संपादक महोदय,

दहावीच्या निरोप समारंभातले शेलापागोटे, म्हणजे एकेकाला दिल्या जाणाऱ्या गमतीच्या चिठ्ठ्या आणि भेटी, बंद करून डीजे आणावा, असं आमच्या गावातल्या काही पालकांचं म्हणणं आहे. मी त्याच शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. गेल्या वर्षी पाहुणी म्हणून गेले, तर पहिली चिठ्ठी मलाच: 'बाईंचा चष्मा कपाळावर, शोध चालू टेबलावर!' सगळा वर्ग खदखदून हसला, मीही. रोज होडीचं निमित्त सांगून उशिरा येणाऱ्या एकाला पोरांनी कागदाची होडी आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक दिलं. कुणाच्या रंगावर, घरच्या परिस्थितीवर चिठ्ठी नको. तेवढं वर्गशिक्षकांनी आधी वाचून बघावं. निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतोच की! परीक्षेआधी तासभर हसली पोरं, तर बिघडलं कुठे? डीजेचे पैसे प्रयोगशाळेच्या गळक्या कौलांना द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, देवगड