टॉमचा डावा हात

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांत आजच्या वर्णद्वेषाबद्दल काय सापडणार, असं तू विचारलं होतंस. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. या आठवड्यात अमेरिकन लेखिका हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) पुन्हा वाचली आणि एका हातापाशी अडकून पडलो.

टॉम रॉबिन्सनचा डावा हात. टॉम हा काळा माणूस, मेयेला या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. त्याचा हा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला. शपथ घेताना तो हा हात बायबलवर टेकवतो, तर तो घसरून खाली पडतो. टॉम पुन्हा ठेवू पाहतो, तेव्हा न्यायाधीशच ‘पुरे’ म्हणतात. मेयेलाला मार बसलेला चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुतेक डावखुराच. हात सगळ्या कोर्टाने पाहिला, तरी गोऱ्या ज्युरींनी टॉमलाच दोषी ठरवलं.

पुरावा कमी पडला की अन्याय होतो, असं मी आजवर धरून चाललो होतो. इथे तर पुरावा ढळढळीत समोर होता! आणि टॉमला भोवतं काय, तर एक वाक्य. मेयेलाची कामं फुकट का करायचास, या प्रश्नावर तो म्हणतो, मला तिची कीव यायची. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव! आरोपापेक्षा हेच कोर्टातल्या गोऱ्यांना जास्त झोंबतं.

राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’चा (१९५२) काळा नायक पहिल्याच पानावर सांगतो की मी अदृश्य आहे, कारण लोकांना मला पाहायचंच नसतं. ते वाचताना मला अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर आठवलं. २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ होता, पण पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. होता तो प्रकृतीच्या त्रासाचा. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर सगळं टिपलं, म्हणून जगाने ते पाहिलं. २०२१ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला खुनाबद्दल दोषी ठरवलं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. लीबाईंची कथा गोऱ्या मुलीच्या तोंडून येते. निकालानंतर टॉम आपल्याला भेटतच नाही, त्याला लागलेल्या सतरा गोळ्यांची बातमी तेवढी येते. म्हणून एलिसनही सोबत हवाच.

दोन्ही पुस्तकं पाठवतोय. टॉमच्या साक्षीपाशी खूण घातली आहे. तिथून सुरुवात कर आणि वाचून झाल्यावर सविस्तर लिही.

तुझा,
अभय