जुगलबंदीआधीच्या तालमीचा खर्च कोण करणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील फ्यूजन संगीतावरच्या लेखात, जॅझचा सॅक्सोफोन आणि भारतीय राग यांचा मेळ ही एका मैफलीत सहज जमून येणारी किमया आहे, असा सूर होता. तो मला पटला नाही. अमेरिकेतील पाय रेकॉर्डिंग्ज या ध्वनिमुद्रण कंपनीने 2008 साली काढलेल्या ‘किन्समेन’ या अल्बमची घडण त्याच्या अगदी उलट आहे.

या अल्बममध्ये दोन ऑल्टो सॅक्सोफोन समोरासमोर येतात. एक कोलोरॅडोत वाढलेल्या आणि जॅझमध्ये मुरलेल्या रुद्रेश महंतप्पा यांचा. दुसरा कद्री गोपालनाथ यांचा, ज्यांनी नागस्वर हे दक्षिणी सुषिरवाद्य वाजवणाऱ्या वडिलांच्या घरात वाढूनही म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये ऐकलेले हे वाद्य आपलेसे केले आणि त्याच्या रचनेत फेरफार करून कर्नाटक संगीतातील गमकांचा, म्हणजे स्वर आंदोलित करण्याचा, बाज त्यावर उतरवला. महंतप्पा विद्यार्थिदशेत असताना त्यांच्या भावाने गोपालनाथांची ध्वनिमुद्रिका त्यांना गमतीने भेट दिली होती. त्या थट्टेतून अल्बम निघायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

खरी अडचण सुरांची होती. कर्नाटक संगीतात एकदा धरलेला षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, रचनाभर हलत नाही, तर जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची स्वरसंगती (कॉर्ड) बहुधा दर काही मात्रांनी बदलत असते. अशा दोघांना नुसते शेजारी बसवले, तर एकाने वाजवायचे आणि दुसऱ्याने त्याच्या मागेमागे जायचे, एवढेच उरते. म्हणून येथे वाजवायची सामग्रीच बदलली आहे. ए. कन्याकुमारी यांचे व्हायोलिन, पूवलूर श्रीजी यांचा मृदंगम्, रेझ अब्बासी यांची गिटार, कार्लो डी रोझा यांचा बास आणि रॉयल हार्टिगन यांचे ड्रम्स अशा मेळासाठी रागांगाने जाणाऱ्या रचना बांधल्या गेल्या आणि मोठ्या रचनांच्या मधे एकेका वादकाला छोटा आलाप दिला गेला. गिटारवादकही त्यातून सुटलेला नाही! ‘कल्याणी’ या, यमनशी जुळणाऱ्या कर्नाटक रागाचे नाव असलेल्या रचनेत आपल्याकडच्या श्रोत्याला यमनचे स्वर ओळखीचे वाटतील, पण तेवढ्यावर खूश होऊन थांबू नये. दोन सॅक्सोफोनांचा स्वर लावण्यातला फरक कान देऊन ऐकण्यासारखा आहे.

हे शक्य झाले, कारण न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने या सहयोगासाठी महंतप्पांना रचना करण्याचे काम सोपवून पाठबळ दिले. आपल्याकडे पैसा मिळतो तो मैफलीच्या रात्रीला. तालमींचा खर्च कलावंतांनी पदरचा करावा, असे गृहीत धरले जाते. ज्या मुंबईने 1978 पासून ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ महोत्सव भरवला, तिथल्या आणि पुण्यातल्या संस्थांनी वर्षाकाठी एक-दोन जुगलबंद्या कमी करून, त्याच रकमेत एखाद्या मेळाला काही महिन्यांच्या तालमी आणि ध्वनिमुद्रण यांसाठी साहाय्य करावे, आणि आपल्या पुरवणीनेही मैफलींच्या वृत्तांताबरोबर अशा निर्मितीला थोडी जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे