चिंगीला तळाशी आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानून झाले, पण तेवढ्याने माझं समाधान होईना. शिवाय अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, कल्ले असलेला उभयचर प्राणी) पाळणाऱ्या इतरांवरही उन्हाळ्यात ही वेळ येऊ शकते, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

ऐन एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी थंड ठेवणारा आमचा चिलर बंद पडला आणि चिंगी, आमची अ‍ॅक्सोलॉटल, पाण्यावर तरंगायला लागली. डोकं खाली, मागचा भाग वर. पाय मारत तळाशी जायची आणि पाय थांबले की पुन्हा वर यायची. शेपटीचं टोक वळलेलं, कल्ले पुढे ओढलेले. बघवत नव्हतं. कोणी मीठ टाका म्हणालं, कोणी निळं औषध. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "ती मनात आलं की खाली जाऊन बसू शकते का?" बसू शकत असेल तर ती आपल्या खुशीने तरंगतेय, काळजी नको. नसेल, तर पोटात हवा अडकलीय.

मग तुम्ही पाण्याचं तापमान विचारलंत. २७ अंश ऐकल्यावर क्षणभर गप्प झालात आणि मग शांतपणे सगळं उलगडून सांगितलंत. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावरचा. त्याला १६ ते १८ अंश मानवतात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मग तो वर येऊन हवा गिळतो, आणि त्यात पचनही बिघडलेलं असतं. कारण कळलं आणि माझा अर्धा घोर तिथेच उतरला.

त्याच संध्याकाळी, गुडघे दुखत असताना, तीन मजले चढून तुम्ही तुमचा टब घेऊन आलात. पाणी किती घालायचं ते चिंगीला आत ठेवून दाखवलंत: पाय तळाला टेकले पाहिजेत, पण पाठ बुडालेली हवी, कारण उघडी राहिलेली कातडी सुकते. रोज सगळं पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि तितकंच थंड. पाणी थंड राहावं म्हणून गोठवलेल्या बाटल्या आलटूनपालटून. खाणं बंद. पोट दाबायचं नाही, सुईचं तर नावही काढायचं नाही. अंग सगळीकडून फुगलं तर थेट पशुवैद्यांकडे. चिंगीला फ्रिजमध्ये ठेवण्याबद्दल मी विचारलं, तेव्हा तेही त्यांना विचारल्याशिवाय नको म्हणालात. काय करू नये हे इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कोणीच सांगितलं नव्हतं, आणि चिंगी वाचली ती त्यामुळेच, असं मी मनापासून मानते.

एका सकाळी टबाच्या कोपऱ्यात काळपट विष्ठा दिसली. मी लगेच फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं, "छान! उद्या गांडुळाचा छोटा तुकडा द्या." दुसऱ्या दिवशी तिने तो एका झटक्यात ओढून घेतला. तेव्हा घरात सगळे ओरडले, आजीसुद्धा.

चिलर दुरुस्त झालाय. चिंगी टाकीत परत गेलीय आणि तळाशी तिच्या नळीत बसून असते.

तुमचा टब धुऊन ठेवलाय. पुढच्या वेळी आमच्या भागातून कोणाचा असा फोन आला तर मला कळवा. टब आणि बाटल्या घेऊन मी जाईन, तुम्ही जिने चढू नका.

तुमची,
चिंगीची आई